विंडहुकचे पाणी : जलशुद्धीच्या एका प्रयोगाचा इतिहास

कोकणीत जो शब्द रोजच्या घागरीसाठी वापरला जातो, तो 'उदक' हा शब्द मराठीत बहुतांशी देवघरापुरता उरला आहे. संकल्प सोडावयाचा तो उदकाने, पूजेच्या आरंभी पूजन व्हावयाचे ते कलशातील उदकाचे, आणि तीर्थ म्हणून तळहातावर घ्यावयाचे तेही उदकच. एकाच वस्तूस एका भाषेने स्वयंपाकघरात आणि दुसरीने देवघरात बसवावे, यात पाण्याविषयीच्या आपल्या मनोवृत्तीचे दर्शन घडते. पाणी ही आपल्या दृष्टीने केवळ तहान भागविणारी वस्तू नव्हे. ते दुसऱ्यास शुद्ध करणारे द्रव्य आहे. मग जे दुसऱ्यास शुद्ध करते तेच मलिन झाले, तर त्यास पुन्हा शुद्ध कोणी करावयाचे, आणि ते शुद्ध झाले हे कशावरून मानावयाचे?

हा प्रश्न आता केवळ पंडितांच्या सभेतला राहिलेला नाही. अवर्षणाच्या वर्षी नगराचे जलाशय आटतात, विहिरी तळ गाठतात, आणि त्याच नगराच्या गटारांतून मात्र वापरलेले पाणी अखंड वाहत असते. ते स्वच्छ करून पुन्हा पिण्यास द्यावे, ही कल्पना ऐकताच मनास शिसारी येते. परंतु पृथ्वीवर असे एक नगर आहे की ज्याने ही शिसारी गिळून १९६८ पासून हा प्रयोग चालविला आहे. ते नगर म्हणजे नामिबियाची राजधानी विंडहुक. त्याचा इतिहास आमच्या वाचकांस अनेक अंगांनी उद्बोधक वाटेल, असा आमचा विश्वास आहे.

आफ्रिका खंडाच्या नैर्ऋत्येस, समुद्रसपाटीपासून सुमारे १,६५० मीटर उंचीच्या डोंगराळ पठारावर हे नगर वसले आहे. येथे वस्ती झाली ती उष्ण झऱ्यांमुळे. हेरेरो लोकांनी या स्थळास दिलेल्या नावाचा अर्थ 'वाफेचे ठिकाण' असा होतो, तर नामा लोकांनी दिलेल्या नावाचा अर्थ 'उष्णोदकाचे झरे' असा आहे. अर्थात् नगराचे नावच मुळी पाण्यावरून पडले. १८९० साली जर्मनांनी येथे किल्ला बांधला आणि वसाहतीची राजधानी केली. झऱ्यांवर व त्यांच्या भोवतीच्या विहिरींवर लहानशा वस्तीचे भागत असे. पण नगर वाढू लागले तसे ते पुरेनासे झाले.

निसर्गाचा हिशेब येथे फार कठोर आहे. वर्षाकाठी पाऊस पडतो तो सरासरी ३७० मिलिमीटरच्या आसपास. गोव्यातील वाचकांनी आपल्याकडील पावसाशी ताडून पाहावे, म्हणजे हा आकडा किती तोकडा आहे हे कळेल. उलटपक्षी, उघड्या पाण्याची वाफ होऊन वर्षात उडून जाणारा थर तीन मीटरांहूनही अधिक. बारमाही वाहणाऱ्या नद्या आहेत त्या देशाच्या सीमांवर. ओकावांगो नदी राजधानीपासून सुमारे ७०० किलोमीटर दूर. मधल्या साऱ्या नद्या म्हणजे वर्षातून थोडे दिवस वाहणारे वाळूचे पाट. अशा ठिकाणी धरण बांधले तरी ते भरेल याची शाश्वती नाही, आणि भरले तरी सूर्य त्यातला मोठा वाटा उचलून नेतो.

विंडहुकच्या आधी अमेरिकेतील एका लहानशा गावास हाच मार्ग निरुपायाने धरावा लागला होता. १९५२ ते १९५७ या काळात कॅन्सस राज्यात भीषण अवर्षण पडले. १९५६ च्या उन्हाळ्यात निओशो नदीचा प्रवाह थांबला आणि तिच्यावर अवलंबून असलेले चानूट हे गाव अडचणीत आले. तेव्हा गावाच्या अधिकाऱ्यांनी सांडपाणी नदीस मिळते त्या जागेच्या खाली बांध घातला, प्रक्रिया केलेले सांडपाणी नदीच्या पात्रात तुंबवून मागे आणले आणि तेच उपसून, गाळून, क्लोरीन घालून घरोघर सोडले. १९५६ च्या ऑक्टोबरपासून १९५७ च्या मार्चपर्यंत, म्हणजे सुमारे पाच महिने, गाव आपलेच पाणी पुनःपुन्हा पीत होते. पाण्यास फिकट पिवळा रंग आला, वास येऊ लागला, आणि धुण्याच्या पावडरींतील रसायने निघून न गेल्यामुळे पेला ढवळला की त्यावर फेस चढू लागला. जंतूंच्या कसोटीस ते पाणी उतरत होते आणि त्यापासून रोगाची साथ पसरल्याची नोंद झाली नाही. तरीही लोकांचे मन विटले आणि बाटलीतील पाण्याचा खप वाढला. पाऊस पडताच गावाने तो उपाय सोडून दिला. जुन्या, साध्या साधनांनी जंतू मारता येतात, पण पाण्यात विरघळलेले सारे काढता येत नाही, हा धडा अभियंत्यांस चानूटने दिला.

विंडहुकचे अभियंते याच्या पुढे गेले. १९५८ साली नगराच्या वायव्येस गोरेआंगाब धरण बांधण्यात आले. परंतु ते लहान होते, आणि वाढत्या वस्तीची मलिनता त्यात उतरू लागली. दक्षिण आफ्रिकेतील प्रिटोरिया येथील राष्ट्रीय जलसंशोधन संस्थेत त्या सुमारास सांडपाण्याच्या पुनःशुद्धीचे प्रयोग चालू होते. लुकस व्हान व्यूरन हे त्या कामातील एक अग्रणी शास्त्रज्ञ. पाण्याची परीक्षा त्याच्या पूर्वेतिहासावरून न करता त्याच्या आजच्या गुणावरून करावी, असे त्यांचे प्रतिपादन होते आणि ते पुढे या क्षेत्रातील एक सूत्रवाक्यच होऊन बसले. या संशोधनाच्या आधारे १९६८ साली गोरेआंगाब येथे पुनःशुद्धीचे केंद्र सुरू झाले. त्याची क्षमता आरंभी दिवसाला पन्नास लक्ष लिटरांहून थोडी कमी होती. येथून निघालेले पाणी कोणत्याही नदीत वा तलावात न सोडता, इतर पाण्यात मिसळून थेट नगराच्या नळांत जाऊ लागले. कायमच्या योजनेच्या रूपाने असे घडल्याचे जगातील हे पहिले उदाहरण होय.

या योजनेचा पाया यंत्रात नसून एका विवेकात होता, हे येथे सांगितले पाहिजे. घरांतून येणारे सांडपाणी आणि कारखान्यांतून येणारे सांडपाणी ही दोन भिन्न द्रव्ये होत, हे नगराने प्रथम ओळखले. घरगुती मळ जीवजन्य असतो; त्याचा नाश कसा करावा हे ज्ञात आहे. कारखान्यातून मात्र कोणत्या दिवशी कोणते विष येईल याचा भरवसा नसतो. म्हणून कारखान्यांचे पाणी वेगळ्या वाटेने वेगळ्या केंद्राकडे वळविण्यात आले आणि गामाम्स येथील केंद्रात आलेले मुख्यतः घरगुती पाणीच पुढील शुद्धीसाठी घेतले जाऊ लागले. आपल्याकडील अनेक नगरांत हा पहिला भेदच अजून नीट पाळला जात नाही, हे ध्यानात ठेवावे.

येथपर्यंतची कथा ज्ञानाची व चिकाटीची आहे. परंतु इतिहासलेखकाने तिची दुसरी बाजू झाकून ठेवणे योग्य नव्हे. १९६८ साली हा देश दक्षिण आफ्रिकेच्या वर्णद्वेषी राजवटीखाली होता. विंडहुकमधील 'जुनी वस्ती' मोडून तेथील कृष्णवर्णीय रहिवाशांस नगराबाहेर हलविण्याचा हुकूम निघाला, तेव्हा लोकांनी विरोध केला, आणि १० डिसेंबर १९५९ रोजी पोलिसांच्या गोळीबारात अनेकांचे प्राण गेले. जी नवी वस्ती उभारण्यात आली तिला लोकांनी 'काटुटुरा' म्हटले. 'जेथे आमचा निवास नाही असे ठिकाण' असा त्या नावाचा आशय सांगितला जातो. ज्या राजवटीचे शास्त्रज्ञ पाण्याची पारख त्याच्या उगमावरून करू नका, असे सांगत होते, तीच राजवट माणसाची पारख मात्र केवळ त्याच्या जन्मावरून करीत होती. गटारातून आलेले पाणी परीक्षेस उतरले की शुद्ध. पण निर्दोष मनुष्य परीक्षेशिवायच अस्पृश्य. यापरता मोठा विसंवाद कोणता?

हे वाचून आपण परक्यांच्या दोषावर मान डोलवू लागलो, तर ते अप्रामाणिकपणाचे होईल. कुलाबा जिल्ह्यातील महाड येथील चवदार तळ्याचा इतिहास फार जुना नाही. ते तळे नगरपालिकेने सर्वांस खुले केल्याचे ठरावात होते. अन्य धर्मीय तेथे पाणी भरीत आणि जनावरेही पीत. केवळ अस्पृश्य गणलेल्या हिंदूंस तेथे मज्जाव होता. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी सहस्रावधी अनुयायांसह त्या तळ्याचे पाणी प्राशन केले. त्यानंतर तळे 'बाटले' म्हणून पंचगव्याच्या घागरी त्यात ओतून त्याची 'शुद्धी' करण्यात आली. हा तंटा न्यायालयात गेला आणि १९३७ साली मुंबईच्या उच्च न्यायालयाने अस्पृश्यांच्या बाजूने निकाल दिला. माणसाच्या ओंजळीने जे पाणी बाटले असे मानले गेले, त्यात शेण व मूत्र घातल्याने ते पवित्र झाले असेही मानले गेले. जगात पाण्याची शुद्धता मोजण्याची साधने तेव्हाही उपलब्ध होती. पण ती मागण्याची बुद्धी कोणास झाली नाही, कारण प्रश्न पाण्याचा नव्हताच. मंदिराच्या आश्रयाने वाढलेल्या आपल्या समाजाने हे स्मरण जपले पाहिजे. शुद्धीच्या नावाखाली आपण काय काय केले हे ज्यास ठाऊक नाही, त्याने विंडहुकच्या पाण्याविषयी नाक मुरडण्यात अर्थ नाही.

पुन्हा मूळ कथेकडे वळू. केंद्र सुरू झाल्यावर पाण्याच्या तपासण्या तर होतच होत्या. पण पाणी पिणाऱ्या माणसांचे काय झाले याचाही मागोवा घेण्यात आला. १९७४ ते १९८३ या काळातील अतिसार व तत्सम रोगांच्या नोंदींचा अभ्यास झाला आणि पुनःशुद्ध पाण्याचा त्या रोगांशी संबंध आढळला नाही. दरम्यान केंद्राची रचना वेळोवेळी सुधारण्यात आली. २१ मार्च १९९० रोजी नामिबिया स्वतंत्र झाला. नव्या स्वतंत्र राष्ट्राने परकीय राजवटीचे अनेक कायदे टाकून दिले, पण हे केंद्र टाकून दिले नाही. उलट १९९० नंतरच्या दशकातील अवर्षणे पाहून ते वाढविले. २००२ साली गोरेआंगाबचे नवे केंद्र उभे राहिले. त्याची क्षमता दिवसाला २१,००० घनमीटर, म्हणजे दोन कोटी दहा लक्ष लिटर. नगराच्या एकूण गरजेपैकी सुमारे चतुर्थांश भाग ते भागवू शकते. ज्या तीन कंपन्यांनी ते चालविण्याचे काम घेतले त्यांपैकी वाबाग या कंपनीचे मुख्यालय आज आपल्या चेन्नई शहरात आहे.

या केंद्रात पाणी कोणत्या संस्कारांतून जाते ते थोडक्यात सांगतो. प्रथम ओझोन वायू पाण्यात सोडतात. त्यामुळे लोह व मँगनीज वेगळे पडू लागतात आणि सेंद्रिय मळ फुटतो. मग क्षार घालून सूक्ष्म कणांचे पुंजके बनवितात आणि हवेच्या बारीक बुडबुड्यांनी ते वर तरंगवून काढून टाकतात. पुढे वाळू व दगडी कोळसा यांच्या थरांतून पाणी गाळले जाते. त्यानंतर पुन्हा ओझोन. मग सक्रिय कोळशाचे थर, ज्यांतील पहिल्यावर उपकारक जंतू वसती करून उरलेला मळ खातात आणि पुढचे थर विरघळलेली द्रव्ये शोषून घेतात. शेवटी अतिसूक्ष्म छिद्रांच्या पडद्यांतून पाणी दाबाने पार करतात आणि क्लोरीन घालतात. एकाच प्रकारच्या दोषास एकामागून एक अनेक अडसर असावेत, म्हणजे एक निकामी झाला तरी दुसरा उभा असेल, हे या रचनेचे तत्त्व. पाण्याची परीक्षा चोवीस तास चालते. ठरलेली मर्यादा ओलांडली की त्या पाण्याचा पुरवठा थांबतो. शिवाय नळात जाणाऱ्या पाण्यात पुनःशुद्ध पाण्याचा भाग ३५ टक्क्यांहून अधिक होऊ द्यावयाचा नाही, असाही दंडक आहे. देशोदेशीचे अभियंते हे केंद्र पाहण्यास येतात.

परंतु यंत्र असले म्हणजे लोक पाणी पितातच असे नाही. ऑस्ट्रेलियातील टुवुम्बा या नगराने अवर्षणाच्या काळात अशीच योजना आखली. २९ जुलै २००६ रोजी तेथे लोकमत घेण्यात आले, आणि सुमारे ६२ टक्के मतदारांनी ती झिडकारली. सिंगापूरने निराळा मार्ग धरला. तेथे अशा पाण्यास 'न्यूवॉटर' असे नवे नाव दिले, २००२ सालच्या राष्ट्रदिनाच्या समारंभात त्याच्या बाटल्या वाटल्या, आणि २००३ पासून ते पाणी मुख्यतः कारखान्यांस देऊन थोडा भाग जलाशयांत सोडण्यास आरंभ केला. अमेरिकेतील टेक्सास राज्यातील विचिटा फॉल्स या नगराने २०१४ च्या जुलैपासून वर्षभर, अवर्षण सरेपर्यंत, शुद्ध केलेले सांडपाणी थेट पिण्याच्या पाण्यात मिसळले. ज्या ठिकाणी नगराने लोकांस आधी विश्वासात घेतले आणि तपासणीचे आकडे उघड ठेवले, तेथे शिसारी ओसरली. जेथे घाईने निर्णय लादला जात आहे असे लोकांस वाटले, तेथे ती बळावली.

आता आपल्या घराकडे दृष्टी वळवू. 'आम्ही असले पाणी कधीच पिणार नाही' असे म्हणणाऱ्याने नकाशा समोर घ्यावा. पुणे व पिंपरी-चिंचवड या नगरांचे सांडपाणी, काही प्रक्रिया होऊन आणि काही तसेच, मुळा-मुठेतून भीमेत जाते. भीमा उजनीच्या जलाशयात विसावते. त्याच जलाशयातून सोलापूर नगरास पिण्याचे पाणी जाते, आणि तेच पाणी पुढे पंढरपुरास चंद्रभागा होऊन वारकऱ्यांच्या मस्तकी चढते. वापरलेले पाणी पुन्हा पिण्याची प्रथा आपल्याकडे आहेच. फरक एवढाच की विंडहुक ती डोळे उघडे ठेवून पाळते आणि आपण डोळे मिटून पाळतो. नदी आपल्या वेगाने शुद्ध होते ही जुनी समजूत निराधार नव्हती. वाहत्या पाण्यात सूर्य, वारा व सूक्ष्म जीव यांचे कार्य चालतेच. परंतु ती समजूत लहान गावांच्या काळातील होती. लक्षावधी घरांचा मळ नदीत ओतून तिच्या वेगावर भरवसा ठेवणे, ही श्रद्धा नसून बेफिकिरी होय.

अवर्षणाचा अनुभव आपणांस नवा नाही. २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून लातुरास आगगाडीने पाणी न्यावे लागले, हे सर्वांच्या स्मरणात आहे. २०१९ च्या उन्हाळ्यात चेन्नईचे जलाशय कोरडे पडले. काही ठिकाणी शहाणपणाची पावलेही पडली आहेत. नागपूरचे प्रक्रिया केलेले सांडपाणी कोराडीच्या वीजकेंद्रास देण्यात येऊ लागले, म्हणजे तेवढे निर्मळ पाणी माणसांसाठी वाचले. बंगळूरचे प्रक्रिया केलेले पाणी २०१८ पासून कोलार जिल्ह्यातील तलावांत सोडण्यात येऊ लागले. त्या पाण्याच्या गुणाविषयी वाद झाले, आणि ते होणे युक्तच होते. आमच्या मते आपल्याकडील नगरांनी क्रम असा ठेवावा : आधी गळती थांबवावी, कारखान्यांचे पाणी वेगळे करावे, वापरलेले पाणी प्रथम कारखान्यांस व बागांस द्यावे, आणि परीक्षा विश्वासाने करणारी व्यवस्था उभी राहिल्यावरच पिण्याचा विचार करावा. जी नगरपालिका आजच्या नळाच्या पाण्याचा जमाखर्च लोकांसमोर ठेवू शकत नाही, तिने विंडहुकचे अनुकरण करण्याची घाई करू नये.

धार्मिक मनास यात बाधा वाटण्याचे कारण आहे काय? आम्हांस तसे वाटत नाही. याज्ञवल्क्यस्मृतीत द्रव्यशुद्धीचे स्वतंत्र प्रकरणच आहे; मलिन झालेली वस्तू योग्य संस्काराने पुन्हा शुद्ध होते, हे त्यामागील गृहीत आहे. निवळीचे बी घासून गढूळ पाणी निवळविण्याची रीत आपल्या आजीपणजींस ठाऊक होती. ज्या मनुस्मृतीचे २५ डिसेंबर १९२७ रोजी महाड येथेच दहन झाले आणि ज्या दहनाची कारणे आपण विसरू नयेत, त्या ग्रंथातही याच निवळीचा एक दृष्टान्त आहे : निवळीचे फळ पाणी स्वच्छ करते खरे, परंतु त्या फळाचे केवळ नाव घेतल्याने पाणी स्वच्छ होत नाही. ग्रंथाचा अन्याय टाकून हा दृष्टान्त तेवढा घेण्यास हरकत नसावी. आणि तो महाडच्या घागरींस जितका लागू पडतो, तितकाच आजच्या आपल्या नद्यांसही.

आपल्या देवस्थानांच्या तळ्यांपुरता तरी हा विचार उद्यापासून आचरता येईल. गोव्यातील देवळांपुढच्या तळ्या, बेळगावच्या परिसरातील जुन्या विहिरी, इंदूर-ग्वाल्हेरकडील घाट, ही सारी आपल्या पूर्वजांनी बांधून आपल्या हाती सोपविलेली ठेव आहे. त्यांत निर्माल्य पडू न देणे, सांडपाण्याची वाट दुसरीकडे वळविणे, आणि वर्षातून निदान दोनदा पाण्याची परीक्षा करवून तिचा निकाल देवळाच्या फलकावर सर्वांस वाचता येईल असा लावणे, एवढे प्रत्येक देवस्थानच्या समितीस शक्य आहे. हे करण्यास ना विंडहुकचे यंत्र लागते ना परदेशचे द्रव्य. जे उदक आपण देवास वाहतो आणि तीर्थ म्हणून ओंजळीत घेतो ते कसे आहे, हे जाणून घेणे हाही पूजेचाच भाग मानावा, अशी आमची सर्व समाजबांधवांस विनंती आहे.